दाराबाहेरची आई, दाराआतली परिचारिका

गोमंतकातून आणि कोकणपट्टीतून गाणगापूरला जाण्याची परंपरा जुनी आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे, पाच घरी माधुकरी मागावी आणि जमल्यास हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या समाधीपुढे माथा टेकून परतावे, हा क्रम आमच्या अनेक वाचकांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्यामुळे कलबुर्गी, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडचे गुलबर्गे, आणि बिदर ही नावे आपल्याला परकी नाहीत. परंतु यात्रेकरूला देऊळ दिसते, गाव दिसत नाही. आणि गावातले रुग्णालय तर स्वतःवर प्रसंग ओढवल्याखेरीज मुळीच दिसत नाही. आज आम्ही लिहिणार आहोत ते अशा सीमावर्ती भागातील रुग्णालयाच्या एका दाराविषयी. भेटीची वेळ संपली की ते दार बंद होते. बाहेर आई बसलेली असते, आत तिचे अत्यवस्थ मूल असते आणि या दोघांच्या मधोमध एक परिचारिका उभी असते. आईच्या यातनांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. मधोमध उभ्या असलेल्या त्या तिसऱ्या व्यक्तीविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

आधी त्या मुलखाची ओळख करून घ्यावी लागेल. १९५६ साली हैदराबाद संस्थानच्या जागी आलेले राज्य मोडले आणि जुन्या बिदर जिल्ह्याची तीन राज्यांत वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. भालकी, हुमनाबाद, औराद आणि खुद्द बिदर म्हैसूर राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात गेले. नकाशावर रेघ ओढली गेली, पण सोयरीक आणि बाजारहाट यांनी ती रेघ मानली नाही. औराद-भालकीच्या घरांत आजही मराठी बोलली जाते. आळंदचा माणूस उमरग्याला आणि अक्कलकोटला आपलाच शेजार समजतो. आजारपण तर सीमा मानतच नाही: कोणी सोलापूर गाठतो, कोणी हैदराबाद, कोणी बिदर नाहीतर कलबुर्गी. ज्या बाजूला रुग्णवाहिका आधी मिळेल त्या बाजूला लेकरू नेले जाते.

अशा ठिकाणच्या बालरोग कक्षात एकाच रात्री चार-पाच भाषा नांदतात. कन्नड आहे, मराठी आहे, दख्खनी उर्दू आहे, तेलुगू आहे, तांड्यावरून आलेल्यांची लमाणी आहे. परिचारिका कदाचित दूरच्या जिल्ह्यातून बदलून आलेली असते, कदाचित केरळातून आलेली. ती तीन भाषा कामापुरत्या शिकते. 'पाणी', 'दुखते', 'झोप' हे शब्द तिला कळतात. परंतु चार वर्षांचे तापाने फणफणलेले मूल कामापुरती भाषा बोलत नाही. ते 'गरगरतंय' म्हणते, 'कसंतरीच होतंय' म्हणते, 'कळ येती' म्हणते. आणि ज्या मुलाला काहीच म्हणता येत नाही ते ज्या पद्धतीने मुठी आवळते त्या पद्धतीचा अर्थ जगात एकाच व्यक्तीला ठाऊक असतो. ती व्यक्ती जिन्याखाली चादर अंथरून बसलेली आहे. हे मूल रोज असेच झोपते की आज त्याची शुद्ध हरपत चालली आहे, हे यंत्राच्या पडद्यावर नेहमी वेळेत उमटत नाही. आई पाहताक्षणी सांगते.

भेटीवरील निर्बंधांचा विचार आम्हाला येथून सुरू करावासा वाटतो. आईला आत सोडणे ही आईवर केलेली मेहेरबानी आहे, आणि ती केल्याने कर्मचाऱ्यांचे काम वाढते, असा समज सर्वत्र रूढ आहे. आमच्या मते वस्तुस्थिती बव्हंशी उलट आहे. आईला बाहेर ठेवण्याची किंमत मुलाइतकीच परिचारिकेलाही मोजावी लागते. फरक इतकाच, की मुलाच्या रडण्याचा आवाज होतो.

निर्बंध घालणाऱ्यांची बाजू पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. कलबुर्गीचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील सरकारी जिल्हा रुग्णालयातून एक नवजात बालक पळवले गेले. परिचारिकांच्या वेशात आलेल्या स्त्रियांनी रक्त तपासायचे आहे अशी बतावणी केली, घरच्या माणसाने विश्वासाने बाळ हवाली केले आणि बाळ नाहीसे झाले. पोलिसांनी दोन दिवसांच्या आत ते शोधून मातेच्या ओटीत घातले, ही त्यातली सुदैवाची गोष्ट. अशा घटनेनंतर फाटकावर पहारा वाढला, ओळखपत्रे तपासली जाऊ लागली, तर त्यात वावगे काय? मात्र या घटनेकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. चोर अनाहूत पाहुण्याच्या वेशात आला नव्हता. तो ज्यांच्यावर कोणी संशय घेत नाही त्यांच्या गणवेशात आला होता. भेटीच्या वेळा कमी करून असा चोर अडत नाही. कक्षातल्या खऱ्या परिचारिकांचा आणि मातेचा एकमेकींशी चेहऱ्यानिशी, नावानिशी परिचय असेल तर तो अडतो. 'तुम्ही कोण? आमच्या ताई तर वेगळ्या आहेत,' एवढे एक वाक्य पुरते. आणि हा परिचय दाराच्या काचेतून होत नसतो.

दुसरे कारण साथीचे. भारतातील कोविडचा पहिला मृत्यू कलबुर्गीतला, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नसेल. १० मार्च २०२० रोजी तेथील ७६ वर्षांचे एक गृहस्थ वारले आणि दोन दिवसांनी निदान निश्चित झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही लागण झाल्याचे पुढे आढळले. ज्या शहराने ही भीती देशात सर्वांआधी चाखली तेथील रुग्णालयांनी दारे घट्ट लावून घेतली तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढे सीमाही बंद झाल्या. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला आरटी-पीसीआर चाचणीचा दाखला सक्तीचा झाला. बाप उदगीरच्या बाजूला, मूल बिदरच्या खाटेवर आणि मधे तपासणी नाका, अशी ताटातूट तेव्हा या पट्ट्यात कोणालाही सोसावी लागू शकत होती. त्या काळाचा हिशेब आज मांडायचा नाही. परंतु साथ ओसरली तरी साथीत लागलेल्या सवयी सहसा ओसरत नाहीत. एकदा बंद केलेले दार उघडे ठेवायला कोणाचा तरी हुकूम लागतो. ते बंदच ठेवायला कोणाचाच लागत नाही.

या बंद दाराआड परिचारिकेवर काय काय येऊन पडते, ते पाहू. विशेष नवजात कक्षांच्या सरकारी निकषांप्रमाणे एका पाळीत साधारणतः तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असायला हवी. प्रत्यक्षात रजा, रिक्त पदे आणि वाढीव खाटा यांचा मेळ घालता घालता एकीच्या वाट्याला किती येतात हे त्या क्षेत्रात वावरणाऱ्यांना विचारावे. सलाइनचे थेंब मोजणे, श्वासनलिकेतला स्राव ओढून काढणे, औषधाची मात्रा वजनाबरहुकूम काढणे, दर तासाला नोंद करणे, ही तिची विद्या. याखेरीज आई बाहेर असल्यामुळे तिला आणखी तीन नोकऱ्या कराव्या लागतात आणि त्यांचे वेतन कोणी देत नाही. ती आई होते: लंगोट बदलते, थोपटते, रडणाऱ्याला कडेवर घ्यावेसे वाटूनही दुसऱ्या खाटेवरचे यंत्र वाजू लागले म्हणून त्याला तसेच टाकून धावते. ती दुभाषी होते, आणि जी भाषा येत नाही तिचीच दुभाषी होते. आणि ती निरोप्या होते. दर वेळी दार किलकिले झाले की बाहेरचे पंधरा चेहरे एकदम उठून उभे राहतात. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि त्याचे उत्तर देण्याचा अधिकार तिला नसतो. 'डॉक्टर सांगतील' हे वाक्य ती दिवसातून किती वेळा उच्चारत असेल! ऐकणाऱ्याला ते उर्मट वाटते. बोलणारीला ते खोटे वाटते, कारण डॉक्टर काय सांगणार आहेत ते तिला ठाऊक असते.

या सर्वांपेक्षा जड असे एक ओझे आहे. मूल हाती लागणार नाही असे दिसू लागते, मध्यरात्र उलटलेली असते, नियमाप्रमाणे भेटीची वेळ सायंकाळीच संपलेली असते. आईला आत घ्यावे असे परिचारिकेचे मन सांगते, नियम नाही म्हणतो, आणि ज्याने अपवाद करायचा तो अधिकारी घरी झोपलेला असतो. तिने आईला बोलावले नाही आणि मूल गेले, तर त्या मुलाने अखेरचा हात धरला तो हिचा. हा मान नव्हे. ज्याचा तो हक्क होता त्याच्याकडून हिरावून घेतलेली ती गोष्ट आहे, आणि ती हिच्या हाताला जन्मभर चिकटून राहते. योग्य काय ते कळत असून व्यवस्थेमुळे ते करता न येणे, या दुःखाला अमेरिकन तत्त्वचिंतक अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचारिकांच्या संदर्भातच एक नाव दिले. मराठीत त्याला नैतिक क्लेश म्हणता येईल. कष्टाने माणूस थकतो आणि झोपेने उठतो. या क्लेशावर झोपेचा उतारा चालत नाही. चांगल्या परिचारिका अतिदक्षता विभागातून बदली का मागतात, याची चौकशी कोणी प्रामाणिकपणे केली तर पगार आणि पाळ्या यांच्याबरोबरीने हेही कारण पुढे येईल, असा आमचा तर्क आहे.

वादाची ही भूमी नवी नाही. इंग्लंडात न्यूकॅसल येथे जेम्स स्पेन्स या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकातच आजारी तान्ह्यांबरोबर मातांनाही रुग्णालयात राहू देण्यास प्रारंभ केला होता. बाकीच्या देशात मात्र आठवड्यातून एखाद-दुसरा तास भेट, हीच शिस्त होती. त्या काळच्या मेट्रन बायकांचा युक्तिवाद मोठा गमतीचा असे: आई येऊन गेली की मूल रडते, ती न आली की शांत राहते, म्हणजे आई न येणेच मुलाच्या हिताचे! १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांचा बोलका नसलेला, साधा चित्रपट काढला आणि ती 'शांतता' म्हणजे काय असते ते दाखवले. मूल आधी आक्रोश करते, मग आशा सोडते आणि गप्प होते. कक्ष शांत झाला म्हणून जे समाधान पावत होते ते एका निराश झालेल्या मुलाकडे पाहून समाधान पावत होते. वैद्यकीय वर्तुळातून रॉबर्टसन यांच्यावर तेव्हा टीकेचा भडिमार झाला. तरीही १९५९ साली सरकारने नेमलेल्या प्लॅट समितीने मुलांच्या कक्षात मातापित्यांना मुक्त प्रवेश असावा असाच निर्वाळा दिला. शिफारस झाली आणि दुसऱ्या दिवशी दारे उघडली असे तिथेही घडले नाही. त्यासाठी पालकांना संघटना बांधून वर्षानुवर्षे झगडावे लागले.

निर्बंधांचे सर्वांत भारदस्त समर्थन संसर्गाच्या नावाने होते. 'बाहेरचा माणूस जंतू आणतो.' ऐकायला हे निरुत्तर करणारे आहे. परंतु १८४७ साली व्हिएन्नामध्ये सेमेलवाइसने जेव्हा बाळंतज्वराचा माग काढला, तेव्हा तो बाळंतिणीच्या नातलगांपाशी पोहोचला नाही. तो शवचिकित्सेच्या खोलीतून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांपाशी पोहोचला. आमच्या काळातले प्रमाण हवे असेल तर दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांतील नवजात बालकांच्या जंतुदोषाचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला आहे. त्यात आघाडीवर आढळलेले असिनेटोबॅक्टर व क्लेब्सिएला हे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. असे जंतू आजीच्या पदराला लागून गावाकडून येत नाहीत. ते रुग्णालयाच्या नळ्यांत, बेसिनांत आणि घाईत न धुतलेल्या हातांवर पोसले जातात. आणि हात घाईत कोण धुतो? एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे धावावे लागते तो. आई एकाच मुलाला हात लावते. परिचारिका नाइलाजाने चौघांना, सहांना, आठांना लावते. तिचे जे काम आई करू शकते ते आईने केले, तर एका मुलाचा जंतू दुसऱ्याकडे जाण्याची एक वाट तेवढीच बुजते.

हे आम्ही तर्काने म्हणत नाही. नवी दिल्लीच्या डॉ. राम मनोहर लोहिया रुग्णालयात मातापित्यांना हात धुणे, झगा घालणे, बाळाला दूध देणे, धोक्याची लक्षणे ओळखणे हे पद्धतशीर शिकवून नवजात कक्षात सामील करून घेण्यात आले. तेथील अभ्यासात जंतुदोष वाढला नाही. घरी जाताना निव्वळ आईच्या दुधावर असलेली बाळे मात्र अधिक निघाली. त्या अनुभवाच्या आधारे केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली कुटुंबाच्या सहभागातून नवजात शुश्रूषा करण्याची मार्गदर्शक तत्त्वे देशभरासाठी काढली. म्हणजे आम्ही जे मागत आहोत ते सरकारच्या स्वतःच्या कागदावर आधीच आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत मोठा प्रयोग केला. त्यात १ किलो ते १.८ किलोच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवले गेले व त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता कक्षात आणली गेली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यातले भारतीय केंद्र होते. २०२१ च्या मे महिन्यात निष्कर्ष प्रसिद्ध झाले: नेहमीच्या पद्धतीत पहिल्या २८ दिवसांत शंभरांत १५.७ बाळे दगावली, या पद्धतीत १२. सुमारे पाव हिस्सा मृत्यू टळले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. आईला बाहेर काढले नव्हते, एवढेच.

आणि नेमक्या याच काळात, २०२१ च्या मार्चमध्ये, ६२ देशांतील १,१२० आरोग्यसेवकांच्या पाहणीतून असे दिसून आले की, मातेला कोविड असेल किंवा तसा संशय असेल तर तिला बाळ छातीशी धरू देणार नाही, असे सांगणारे दोन-तृतीयांश होते. ही माणसे निर्दय नव्हती. घाबरलेली होती, थकलेली होती आणि त्यांना वरून आलेले हुकूम परस्परविरोधी होते. त्यांना दोष देण्याऐवजी त्यांच्या हाती कोणता नियम दिला गेला होता हे पाहावे.

बंद कक्षात थोड्या माणसांवर सारा भार टाकण्याचा आणखी एक परिणाम असतो. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. सतरा बालकांपैकी दहा दगावली, सात वाचली. चौकशीनंतर निलंबित आणि सेवामुक्त झालेल्यांत परिचारिकाही होत्या. पुढे परिचारिकांवर गुन्हाही नोंदला गेला. कोणाची चूक किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम. माता आत असत्या तर आग लागली नसती असेही आम्ही म्हणणार नाही. विजेच्या दोषाला आईची माया आवरू शकत नाही. परंतु ज्या खोलीत आपल्याखेरीज दुसरा डोळा नाही त्या खोलीतल्या प्रत्येक अनर्थाला शेवटी पाळीवरची परिचारिकाच उत्तरदायी धरली जाते, हे त्या पेशातील प्रत्येकीला तेव्हा कळून चुकले. बंद दार तिचे रक्षण करते, ही समजूत त्यानंतर कोणी बाळगू नये.

आता नातलगांविषयीही चार शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. दारावरचा पहारा वाढला तो काही हौसेने नव्हे. २०१७ च्या मार्चमध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला नातलगांच्या जमावाने अमानुष मारहाण केली. त्यावर महाराष्ट्रभर डॉक्टरांनी काम थांबवले आणि रुग्णामागे दोन माणसे, त्यांना पास, अशी पद्धत पुढे आली. कर्नाटकाने २००९ साली व महाराष्ट्राने २०१० साली रुग्णालयांतील हिंसेविरुद्ध कायदे केलेले आहेत. ते करावे लागले यातच सर्व आले. मार खाण्याच्या भीतीने काम करणाऱ्या तरुण डॉक्टरला 'दार उघडे ठेव' असे घरी बसून सांगणे सोपे आहे. आपल्या लोकांचे वर्तनही तपासून पाहण्यासारखे असते. एक मूल आजारी पडले की मामा, आत्या, शेजारी, गावचा सरपंच, सगळे वाहन करून येतात. आजारी मुलाला पाहून आलो नाही तर नाते तुटेल, अशी आपली समजूत. बरोबर अंगारा असतो, तीर्थ असते, मनगटाला बांधायचा गंडा असतो. श्रद्धेची टवाळी आम्ही कधीच करणार नाही. पण ज्या मनगटातून सलाइनची सुई गेलेली आहे त्यावर दोरा करकचून बांधला जातो, तेव्हा तो कात्रीने कापण्याचे पाप परिचारिकेलाच पत्करावे लागते आणि शिव्याही तिलाच खाव्या लागतात. तोच गंडा उशाशी ठेवला तर दत्तमहाराज रागावतील असे आम्हाला वाटत नाही.

तेव्हा गर्दी आवरलीच पाहिजे. मात्र गर्दी आवरण्यासाठी केलेला नियम आईला लागू करणे, ही यातली मूळ चूक आहे. आई किंवा बाप 'भेटीला' येत नाहीत. त्यांना भेटणाऱ्यांच्या रांगेत उभे करणारी व्यवस्था पहिल्याच पायरीवर गफलत करते आणि मग ती गफलत निभावून नेण्याचे काम परिचारिकेच्या गळ्यात घालते. पंधरा नातलगांना बाहेर ठेवा आणि एका पालकाला चोवीस तास आत ठेवा, या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून परस्परांना पोषक आहेत. आत एक आपले माणूस आहे हे कळले की बाहेरच्या पंधरांचा संशय निम्मा होतो. उपचार चालू असलेले ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले त्याला 'आत कोणी लक्षच देत नाही' असे वाटत नाही. रुग्णालयांतील पुष्कळ दंगलींचे मूळ अज्ञात काळोखात असते. आत नेमके काय चालले होते हे कोणालाच माहीत नसते.

अडचणी आहेत हे आम्ही जाणतो. दोन खाटांमध्ये जेमतेम हातभर अंतर असलेल्या कक्षात प्रत्येक मुलामागे एक आई बसवायची कोठे? एखाद्या खाटेवर मूल अत्यवस्थ होऊन धावपळ सुरू झाली तर शेजारच्या आईने ते पाहावे काय? अमेरिकेत हृदयक्रिया पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न चालू असतानाही घरच्यांना हजर राहण्याचा पर्याय द्यावा अशी शिफारस २००० सालापासून आहे. आमच्या जिल्हा रुग्णालयांकडून आजच्या आज तेवढी अपेक्षा करणे व्यवहाराला धरून होणार नाही. काही परिचारिकांना पालकांच्या नजरेखाली काम करणे अवघड जाते, हेही खरे आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. ही सर्व गाऱ्हाणी ऐकून घेतली पाहिजेत. परंतु ती ऐकायची तर आधी विचारावे लागेल! भेटीचे नियम ठरतात ते अधीक्षकांच्या दालनात. पाळीवरच्या परिचारिकेला ते कळतात भिंतीवर कागद चिकटल्यावर. ज्या नियमाची अंमलबजावणी रात्री दोन वाजता जिने एकटीने करायची, तो ठरवताना तिला खुर्ची असू नये?

कलबुर्गीत २०२४ च्या डिसेंबरात ३७१ खाटांचे जयदेव हृदयरोग रुग्णालय सुरू झाले. त्या भागाला खास दर्जा देणाऱ्या घटनेच्या ३७१ (ञ) या कलमाची आठवण म्हणून खाटांचा हा आकडा निवडला गेला. मागास म्हणवल्या गेलेल्या मुलखात अशी वास्तू उभी राहते ही आनंदाची गोष्ट आहे. यापुढे त्या दोन जिल्ह्यांत मुलांसाठी जे कक्ष बांधले जातील त्यांच्या आराखड्यातच प्रत्येक खाटेमागे पालकाला टेकण्यापुरती जागा आणि दाराशी हात धुण्याचा नळ धरला जावा. बांधून झाल्यावर जागा नसल्याची सबब सांगण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. जुन्या कक्षांत चार गोष्टी तरी लगेच करता येण्याजोग्या आहेत. नवजातांसाठी २०१७ साली जे तत्त्व मान्य झाले ते मोठ्या मुलांच्या अतिदक्षता विभागालाही लावावे. अत्यवस्थ मुलाच्या आईला वा बापाला कोणत्याही वेळी आत बोलावण्याचा अधिकार पाळीवरच्या मुख्य परिचारिकेला लेखी द्यावा, म्हणजे तिला माणुसकी दाखवण्यासाठी नियम मोडावा लागणार नाही. मूल दगावले त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी त्या परिचारिकेला त्याच खाटेवर उभे करू नये. आणि सीमेवरच्या रुग्णालयांत मराठी, कन्नड, दख्खनी व लमाणी समजणारे एक माणूस रात्रपाळीतही असावे. ते महागडे नको. शिपाई किंवा आया यांच्यातूनच असे माणूस निघेल, फक्त त्याच्या या कामाची नोंद व मोबदला असला म्हणजे झाले.

हे सारे दूर भीमाकाठचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. बांबोळीच्या आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दोडामार्ग-सावंतवाडीकडून आणि कारवारकडून मुले येतात, त्यांच्या माताही अपरिचित भाषेच्या दारात बसतात. २०१८ साली गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लावण्याचा निर्णय झाला तेव्हा आपल्याकडे वाद रंगला तो पैशांचा. रात्री अकरानंतर त्या आया कोठे बसतात, आणि आतल्या परिचारिकेला त्यांची भाषा येते काय, हा प्रश्न त्या वादात कोणाला सुचला नाही. आम्हालाही नाही, हे कबूल करतो. पणजीच्या आरोग्य खात्याने मुलांच्या अतिदक्षता विभागातील परिचारिकांना, अधिकाऱ्यांच्या अनुपस्थितीत, एकदा बसवून विचारावे: भेटीचा कोणता नियम तुम्हाला उपयोगी पडतो आणि कोणता तुम्हाला घरी गेल्यावर झोपू देत नाही? त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापायला या पत्राचे स्तंभ खुले आहेत. नावे छापली जाणार नाहीत.